डावीकडचे नाव

ईशान आणि रेवा,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ईशानने विचारले, "आजी, प्रोग्रामर लोकांच्या साइटवर तुझ्या नावाचं खातं कसं काय? आणि एकाच दिवशी तू तीनशे चाळीस ओळी काढल्यास आणि तीनशे चाळीसच घातल्यास. ते काय होतं?" मी म्हटले, नेट नीट येत नाही, नंतर बोलू. नेट उत्तम येत होते. आता ही भानगड मेलबर्नपर्यंत पोहोचलीच आहे, तर तिचे उत्तर लेखी दिलेले बरे. फोनवर मी नक्की काहीतरी गाळले असते. शिवाय या उत्तरात एक माणूस आहे, आणि तो तुम्हाला आधी माहीत असल्याशिवाय मी केलेला गाढवपणा पुरेसा समजणार नाही.

मोजणीदार हे त्यांचे नाव नव्हे, काम होते. मूळचे सोयगावचे. जमिनी मोजण्याच्या सरकारी खात्यात सगळी नोकरी गेली, आणि निवृत्त झाल्यावरही लोक त्यांना मोजणीदारच म्हणत राहिले. रागात असली की त्यांची बायकोसुद्धा म्हणायची. अंगाने काटकुळे, खिशाला दोन पेन, आणि ओठांवर कायम दोनच प्रश्न: कोनी आणि कधी.

ते पहिल्यांदा आपल्या घरी आले तेव्हा मी चिवडा पुढे ठेवला आणि सवयीने म्हटले, "घरचाच आहे." त्यांनी बशी घेतली, चमचा घेतला नाही.

"कोनी केला?"

"मीच."

"कधी?"

"परवा."

ते चिवड्याकडे बराच वेळ पाहत राहिले. "बाई, ह्यो गुलमंडीचा हाय. एवढी जाड शेव तिथं एकच दुकानदार घालतो." मग त्यांनी शांतपणे सगळी बशी संपवली आणि अजून थोडा मागितला. तुमचे आजोबा आतल्या खोलीत तोंडावर उशी धरून हसत होते. मी छत्तीस वर्षे मुलींना इंग्रजी शिकवले, त्यांच्या कॉप्या पकडल्या. मला कोणी पकडण्याची ती पहिलीच वेळ.

त्यांच्यापुढे काहीही बोलायची चोरी असायची. मुलगा अमेरिकेत आहे म्हणतात, असे कोणी म्हटले की ते विचारायचे, कोन म्हनलं. कॉलनीतले एक गृहस्थ गेल्याची बातमी आली, आम्ही चपला घालून निघालो, तर हे दारातच अडून बसले. "कोनी पाह्यलं? कधी गेले?" कोणालाच सांगता येईना. आम्हाला त्यांचा फार राग आला. कोपऱ्यावर वळलो तेव्हा ते दिवंगत गृहस्थ गच्चीवर बनियन वाळत घालत होते. मोजणीदारांनी त्यांना नमस्कार केला आणि आमच्याकडे पाहिलेही नाही. हे न पाहणे जास्त लागायचे.

दुसरी सवय कंसाची. ते कधीही काही खोडायचे नाहीत. जमिनीच्या सातबाऱ्यावर जुन्या मालकाचे नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात आणि खाली नवे नाव लिहितात, कोणत्या फेरफाराने ते बदलले त्याच्या नंबरासकट. फेरफार म्हणजे बदलाची नोंद. मोजणीदारांनी ही रीत घरी आणली होती. त्यांच्या डायरीतली भाजीची यादी मी स्वतः पाहिली आहे. मेथीला कंस, खाली पालक, पुढे शेरा: 'पत्नीच्या तोंडी आदेशावरून'. ज्या भावाशी वीस वर्षे बोलणे नव्हते त्याचा फोन नंबरही कंसात शाबूत होता. मी एकदा विचारले, सरळ काट मारायला काय होते? ते म्हणाले, "ज्याचं नाव खोडलं तो मानूस खोटा ठरतो, बाई. ज्याला कंस केला तो निसता जुना ठरतो."

हे वाक्य मला फार आवडले, असे मी तेव्हा त्यांना सांगितले नाही. त्यांनी लगेच विचारले असते, कधीपासून.

आता आमच्या उद्योगाबद्दल. निवृत्तीनंतर आम्ही पाचसहा जण जिल्ह्यातल्या जुन्या बारवांची यादी करत होतो. बारव म्हणजे खाली पाण्यापर्यंत पायऱ्या उतरलेली दगडी विहीर. इतरांचा उत्साह सहल आणि डबा एवढ्यापुरता होता. खरे काम मोजणीदार करायचे आणि टापटीप मी करायचे. यादी माझ्या लॅपटॉपवर वर्डच्या फाइलमध्ये होती. निळे मथळे, दुहेरी रेघांचे तक्ते, गावांची नावे ठळक. अशी देखणी फाइल तुमच्या आईच्या लग्नाच्या याद्यांनंतर मी केली नव्हती.

मोजणीदारांची मुलगी सुजाता इथल्याच एका कंपनीत सॉफ्टवेअरचे काम करते. तेव्हा ती घरूनच काम करायची. एकदा ती स्क्रीनपुढे बसून कोणावर तरी चिडली, "ही ओळ कोणी लिहिली?" आणि तिने एक बटण दाबले. चहा घेऊन मागे उभ्या असलेल्या मोजणीदारांनी पाहिले की फाइलमधल्या एकेका ओळीच्या डावीकडे नाव उगवले. कोणी लिहिली, कधी लिहिली. त्यांनी चहाचा कप तिच्या कीबोर्डाजवळ ठेवला आणि म्हणाले, "ह्ये तर आमचं हाय."

"बाबा, मीटिंग चालू आहे."

"चालू द्या. ह्ये आमचं फेरफार रजिस्टर हाय. इथं कसं आलं?"

मीटिंगमधल्या कोणीतरी विचारले, हे कोण सर आहेत. सुजाता सांगते, त्या दिवशी तिची इतकी शोभा झाली की तिने सुटका म्हणून आठवडाभरात वडिलांना त्या साइटवर खाते उघडून दिले. त्या बटणाला इंग्रजीत चक्क 'ब्लेम' म्हणतात, म्हणजे दोष देणे. मोजणीदारांना ते मान्य नव्हते. "दोष काहून? ज्यानं लिवलं त्याचं नाव लिवलं, एवढंच."

मग त्यांनी माझी देखणी वर्डची फाइल मागितली आणि साइटवर चढवली. दोनतीन दुरुस्त्या करून पुन्हा चढवली आणि काय बदलले ते पाहायला गेले. साइटने फक्त एवढेच सांगितले: ही बायनरी फाइल बदलली आहे, दाखवता येत नाही. डावीकडे नाव नाही, तारीख नाही, ओळीच नाहीत. त्यांनी मला फोन केला.

"बाई, तुमची फाइल मुकी हाय."

"म्हणजे?"

"बदललं म्हनती. काय बदललं, इचारलं तर तोंड उघडत नाय. वरून लई शिंगारलीय, आत काय हाय ते कुनाला दाखवत नाय."

मी म्हटले, तो साइटचा दोष आहे. ते म्हणाले, असेल, पण सून मुकी असली तर सासू काय करणार. मी फोन ठेवला. तरी दुसऱ्या दिवशी ते हजर झाले आणि समोर बसून माझ्याकडून ती सगळी यादी साध्या अक्षरांच्या फाइलमध्ये उतरवून घेतली. निळे मथळे गेले, रेघा गेल्या. एक फेरी, एक ओळ: गाव, विहीर, महिना, पाणी कितव्या पायरीला, कोणी सांगितले. दिसायला किराण्याची यादी. पण आता प्रत्येक ओळीला डावी बाजू होती, आणि तिथे लिहिणाऱ्याचे नाव येत होते. त्याच आठवड्यात सुजाताने माझ्याही नावाचे खाते उघडून दिले. तेव्हापासून फेरी झाली की ते त्याच दिवशी ओळ लिहायचे, मग कितीही थकलेले असोत.

फोटोंवरही त्यांचा विश्वास नव्हता. आमच्यातले एक जण विहिरींचे सुंदर फोटो काढायचे आणि जुन्या फोटोच्याच नावाने नवा चढवायचे. साइट दोन्ही फोटो शेजारी शेजारी दाखवायची, पण कोणता दगड कधी पडला ते सांगायची नाही. मोजणीदारांनी नियम केला: फोटोला नवे नाव, आणि फोटोत काय दिसते त्याची एक ओळ यादीत. "फोटोला ओळी नसतात. मंग त्याच्या डावीकडं नाव कुठं येनार? त्याच्या वतीनं आपन बोलायचं."

या यादीत एक गाव होते, अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याचे. नाव मुद्दाम देत नाही. तिथल्या बारवेला लागून पन्नासेक घरांची वस्ती आहे, आणि उन्हाळ्यात नळ आटले की ती घरे त्या बारवेवर जगतात. मोजणीदार दर मे महिन्यात तिथे जायचे. वस्तीतल्या गयाबाई त्यांच्याबरोबर पायऱ्या उतरायच्या आणि मोठ्याने मोजायच्या. त्या त्यांना भाऊ म्हणत आणि त्यांची भरपूर टिंगल करत.

"भाऊ, पायऱ्या मागल्या साली बी एवढ्याच व्हत्या. दरसाली येऊन काय मोजता?"

"पायऱ्या तेवढ्याच हायेत गं. पानी तेवढंच हाय का बघाया येतो."

"मंग फोन करा की. मी सांगते."

"फोनवर तू सांगशील. मंग कोनी पाह्यलं, तर तू. मला बी पाहू दे."

ओळीत मात्र ते शेवटी न चुकता लिहायचे: सांगणार, गयाबाई. लिहिणाऱ्याचे नाव साइट लावायची, सांगणाऱ्याचे ते लावायचे.

मग एका वर्षी बारवेशेजारची जमीन एका शेठने प्लॉट पाडायला घेतली. त्याने तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिला की ही विहीर कित्येक वर्षे कोरडी आहे, वापरात नाही, पोरेबाळे पडण्याची भीती आहे, म्हणून बुजवण्याची परवानगी मिळावी. सोबत कोरड्या विहिरीचा फोटो. गयाबाईंनी मोजणीदारांना फोन केला. ते त्यांच्या वतीने हरकतीचा अर्ज लिहून बसले. विहीर बुजली तर त्या पन्नास घरांनी हंडे घेऊन टँकरची वाट पाहायची, आणि टँकर कधी येईल ते कोणालाच विचारता येत नाही. अर्जात त्यांनी आमच्या यादीचा पत्ता दिला आणि लिहिले की पान उघडून त्यावरचे ब्लेम बटण दाबून पाहावे, दर मे महिन्याची नोंद त्या त्या दिवशी केलेली दिसेल.

सुनावणी सोमवारी होती. त्याच्या आधीच्या मंगळवारी मोजणीदारांच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. स्क्रीन बंद, वाचन बंद, काळा चष्मा. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाले, "बाई, तारखेला फक्त माझ्यासंगं चला. पान कचेरीतले साहेबच उघडतील. तुमी बाकी काय बी करू नका."

बाकी काही करू नका, हे ज्याला सांगायचे त्याला सांगावे. मला सांगू नये. मी घरी आले, पान उघडून पाहिले आणि मला लाज वाटली. कुठे गाव आधी, कुठे विहीर आधी. कुठे स्वल्पविराम, कुठे आडवी रेघ, कुठे नुसतीच तीन बोटे जागा सोडलेली. सरकारी अधिकाऱ्यापुढे हे असे जाणार? गुरुवारी दुपारी मी बसले आणि तीनशे चाळीसच्या तीनशे चाळीस ओळी सरळ केल्या. सगळीकडे गाव आधी, सगळीकडे स्वल्पविराम, सगळीकडे एकच जागा. एकही आकडा बदलला नाही, एकही नाव बदलले नाही. शेवटी साइट विचारते, काय केलेत, तिथे मी लिहिले: आवराआवर. मग मी स्वतःसाठी कॉफी केली. मला वाटते, ती कॉफी मी थोडी ऐटीत प्यायले.

सोमवारी कचेरीत आम्ही चौघे होतो: मोजणीदार, मी, गयाबाई, आणि पलीकडे शेठ. अधिकारी एक तरुण बाई होत्या, कामात चोख. त्यांनी अर्जातला पत्ता टाकून पान उघडले. "नीट ठेवलंय," त्या म्हणाल्या. मी मान जरा ताठ केली. मग त्यांनी ते बटण दाबले.

त्या बराच वेळ पान खाली सरकवत राहिल्या. मग त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. डावीकडे, वरपासून खालपर्यंत, प्रत्येक ओळीपुढे एकच नाव होते. माझे. एकच तारीख होती. गेल्या गुरुवारची.

"म्हणजे ही सगळी नोंद या मॅडमनी चार दिवसांपूर्वी केली आहे?"

शेठ पुढे वाकून पाहत होता. तो म्हणाला, "म्याडम एका दिवसात लईच हिंडल्या की. सगळ्या विहिरी उतरल्या म्हणायच्या. गुडघे बरे हायेत ना?"

गयाबाईंना वाचता येत नव्हते असे नाही, पण त्या स्क्रीनकडे पाहत नव्हत्या, माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना एवढेच कळले होते की काहीतरी माझ्यामुळे झाले. मुलांनो, मला आयुष्यात बऱ्याच वेळा लाज वाटली आहे, पण पन्नास घरांच्या पाण्याची लाज वेगळी असते.

मोजणीदार काळ्या चष्म्यामागून भिंतीकडे पाहत बसले होते. त्यांना स्क्रीन दिसत नव्हती.

"कुनाचं नाव येतंय, बाई?"

"माझं."

"समद्या ओळींवर?"

"सगळ्या."

"आवरलं व्हय तुमी?"

मी हो म्हटले. मला वाटले आता ते सगळ्यांसमोर माझी कानउघाडणी करतील, आणि मला ते बरेच वाटले असते. ते उठून उभे राहिले. "साहेब," ते म्हणाले. बाईंना ते साहेबच म्हणत. "ह्या बाईंनी घर झाडलंय. घर बांधलेलं नाय. जो शेवटचा हात फिरवतो त्याचंच नाव हे बटन दावतं. एक काम करा. बारवेची कुठली बी ओळ धरा. नावाच्या बाजूला एक बारीक खूण आसल, कागदावर कागद ठिवल्यावानी. ती दाबा. म्हंजी ह्या झाडलोटीच्या आधी ती ओळ कुनाची व्हती ते दिसंल."

अधिकारीबाईंनी खूण शोधली आणि दाबली. पान हलले. माझे नाव गेले, आणि त्या ओळीपुढे मोजणीदारांचे नाव आले, मागच्या मे महिन्यातल्या तारखेसकट. वरच्या ओळीपुढे त्याच्या आधीच्या मेची तारीख. त्याच्या वरती आणखी आधीची. ओळी त्यांच्या मूळच्या अवतारात परतल्या होत्या, कुठे रेघ, कुठे तीन बोटे जागा, आणि प्रत्येकीच्या शेवटी: सांगणार, गयाबाई. मला कोणतीही अव्यवस्था इतकी सुंदर कधी वाटली नव्हती.

"माझं नाव हाय तिथं?" गयाबाईंनी विचारले.

"दरसाली," मोजणीदार म्हणाले.

"मला कुठं सांगितलं?"

"तू म्हनत व्हती फोन करा."

शेठ म्हणाला, "साहेब, कॉम्प्युटरवर तारखा बी बनवता येतात. आपला भाचा करतो." आणि इथे मोजणीदारांनी जे केले ते मी केले नसते. ते म्हणाले, "व्हय. येतात. तारीख खोटी लिवता येती. कागदावर बी येती आन् इथं बी येती. ह्यांचा फोटो बी कुन्या विहिरीचा, कधीचा, सांगता येत नाय. म्हनून मी म्हनतो, दोघांचं बी खरं धरू नका. मेच चालू हाय. आत्ता चला. पायऱ्या मोजू."

मी त्यांचा सदरा मागून ओढत होते. चालू वर्षीची फेरी झालेली नव्हती, डोळ्यामुळे राहिली होती. पाणी कितव्या पायरीला आहे ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. गयाबाईंकडे पाहिले तर त्या पदर खोचून उभ्याच राहिल्या होत्या.

अधिकारीबाई त्याच दिवशी आल्या नाहीत, बुधवारी आल्या. मोजणीदारांना डॉक्टरांनी उन्हात जायला मनाई केली होती. ते काळा चष्मा, वर टोपी, वर उपरणे असे गुंडाळून गाडीत बसले. मला म्हणाले, डॉक्टरांनी कधी सांगितलं ते पाहा, मागल्या मंगळवारी, आज बुधवार हाय. ते बारवेच्या काठावर छत्रीखाली थांबले आणि गयाबाई अधिकारीबाईंना घेऊन खाली उतरल्या. वरून आम्हाला फक्त मोजणे ऐकू येत होते. पंधरा, सोळा. मग आवाज घुमायला लागला. एकोणीस, वीस. मोजणीदारांचे ओठ हलत होते. एकविसाव्या आकड्यानंतर पुढचा आकडा आला नाही. पाण्यात हात मारल्याचा आवाज आला.

"भाऊ," खालून गयाबाईंनी हाक मारली, "साहेब हात धुऊन ऱ्हायल्यात."

परवानगी नाकारली गेली. शेठचा फोटो कोणत्या विहिरीचा होता ते कधीच कळले नाही.

परतताना गाडीत मी म्हटले, मी घरी जाऊन माझी ती गुरुवारची नोंद मुळापासून काढून टाकते, सुजाता म्हणते तसे करता येते. ते इतके चिडले की त्यांनी चष्मा काढला, जो काढायचा नव्हता. "खोडायचं नाय. घडलं ते घडलं. कंस करा." तो कंसही त्या साइटवर होता. एका छोट्या फाइलमध्ये एखाद्या नोंदीचा नंबर लिहून ठेवला की ओळींची नावे दाखवताना साइट ती नोंद वगळते आणि तिच्या मागे काय होते ते दाखवते. नोंद मात्र तिच्या जागी राहते, कोणीही पाहावी. मोजणीदारांनी सुजाताला बसवून तशी फाइल केली. आजही तिच्यात एकच नंबर आहे, माझा, आणि त्यापुढे त्यांनी सांगितलेला शेरा: 'बाईंनी झाडलं. ओळी खऱ्या, नाव चुकीचं. वगळावं.' ईशान, तू जे पाहिलेस ते हे. माझ्या आयुष्यातली ही एकच चूक आहे जिच्यावर नंबर आहे. बाकीच्या तुझ्या आजोबांना पाठ होत्या.

मोजणीदारांनी त्यानंतर मला त्यावरून एकदाही टोमणा मारला नाही. ते फक्त आमच्या घरी आले की सोफ्यावर बसण्याआधी विचारायचे, "आवरलंय का? मंग बसतो खाली." हे मी टोमण्यात धरत नाही.

ते गेल्या थंडीत गेले. फार दिवस आजारी नव्हते. दवाखान्यात नर्स रक्तदाब घेऊन गेली की ते तिला थांबवायचे आणि तक्त्यावर तिचे नाव आणि वेळ लिहायला लावायचे. ती वैतागली होती. मग तिलाही सवय लागली, आणि तिने त्यांच्या शेजारच्या खाटेच्या तक्त्यावरही नाव लिहायला सुरुवात केली. मी शेवटची भेटले तेव्हा त्यांनी विचारले, बारवेची या वर्षीची ओळ कोण लिहिणार. मी म्हटले, तुम्हीच. ते म्हणाले, "बाई, हे कोन म्हनलं?"



पुढे सुजाताने त्यांचे त्या साइटवरचे खाते बंद केले. मला त्या रात्री झोप लागली नाही. मला वाटले, खाते गेले की नावे जातील, आणि पान पुन्हा एकट्या माझ्या नावाने भरून जाईल. सकाळी घाबरत बटण दाबले. नावावर टिचकी मारली तर आता कुठलेही पान उघडत नाही. नाव मात्र प्रत्येक नोंदीत लिहिलेले असते, खात्यात नाही. ते सगळीकडे होते.

या मेमध्ये मी त्या गावी गेले. माझे गुडघे बरे नाहीत, शेठचे म्हणणे तेवढे खरे होते. मी काठावर बसले आणि गयाबाई उतरल्या. खालून त्यांनी आकडा सांगितला. मी म्हटले, थांबा, मलाही पाहू द्या. त्या म्हणाल्या, "आता तुमी बी का?" आणि वर येऊन माझा दंड धरून मला अकराव्या पायरीपर्यंत नेले. तिथून पाणी दिसते. पुढच्या पायऱ्या मी बसल्या जागेवरून बोटाने मोजल्या, दोनदा. मग तिथेच फोनवर ओळ लिहिली, त्यांच्या आधीच्या ओळींच्या खाली, आणि कशालाही हात लावला नाही. गाव, विहीर, मे, सांगणार गयाबाई. डावीकडे माझे नाव आले.

बारव आहे. यंदा पाणी चोविसाव्या पायरीला आहे.